दहाव्या प्रोबमधला डाग

“टाकीला धक्का लावू नकोस! पाणी हललं की अर्धा तास गेला,” भिंगकाका मेहुण्यावर खेकसले आणि त्याच्या हातातला सोनोग्राफीचा प्रोब त्यांनी काढून घेतला.

मेहुणा दोन पावलं मागे सरला. त्याने जोडलेले नऊ प्रोब गेल्या दोन महिन्यांत याच खोलीत नापास झाले होते, आणि नापास करणारे त्याच्या सख्ख्या बहिणीचे यजमान होते. कारखान्याच्या मालकाने त्याला घरी बसवलं होतं. बरीच गयावया केल्यावर हा दहावा प्रोब जोडायला दिला होता. पास झाला तर सोमवारपासून कामावर, नाहीतर कायमची सुट्टी.

“नेहमीचाच गोंद वापरलाय, भाऊजी. चकती तीन-तीनदा पुसली.”

“ते मला नको सांगूस. पाणी काय ते दाखवेल. जा, बाहेर बाकावर बस.”

भिंगकाका तपासणी खात्यातल्या त्या टाकीपाशी सव्वीस वर्षं होते. सोनोग्राफीच्या प्रोबमधून निघणारा, कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात कसा पसरतो, ते इथे उजेडाने पाहत. काचेची टाकी, त्यात उकळून हवा काढलेलं पाणी, अलीकडे दिवा, पलीकडे भिंगं, शेवटी दाढीच्या पात्याची धार आणि एक डोळा लावायची नळी. प्रोब सुरू केला की आवाजाने पाणी दाबलं जाई, उजेड किंचित वाकून पात्याला चुकवून निघे, आणि नळीतल्या काळ्या गोलात आवाजाचा पांढरा झोत दिसे. तो सलग हवा. मधे काळं दिसलं तर प्रोबमधल्या आवाज काढणाऱ्या चकतीचा गोंद सुटला म्हणायचं. आधी काकांनी पाहायचं आणि पास झालेल्याचाच फोटो काढायचा, अशी इथली पद्धत. नापास मालाचे फोटो काढायला वेळ आहे कोणाला?

सव्वीस वर्षांत काकांचा निकाल कोणी फिरवला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी माज होता. दोन महिन्यांत मेहुण्याचाच माल काय तो तपासायला आला. तो नापास करताना काकांना, खरं सांगायचं तर, बरंच वाटलं होतं. आपल्याकडे नातंगोतं चालत नाही, हे साऱ्या खात्याला दिसलं.

त्यांनी प्रोब पाण्यात सोडला, तोंडावरचे बुडबुडे मऊ कुंचल्याने हलकेच झटकले आणि नेहमीसारखा उजवा डोळा नळीला लावला. झोत उमटला. मधोमध काळा डाग.

त्यांनी प्रोब काढला, पुसला, पुन्हा सोडला. डाग होताच.

“काका, दहाच्या दहा?” मॅडम दारातून आत आल्या. अहवालांवर सही त्यांची असे. “सरका, मला बघू द्या.”

मॅडम बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. “कुठे आहे डाग?”

“मधोमध. चांगला वाटाण्याएवढा.”

“मला तर काहीच दिसत नाहीये.” मग त्या सरळ झाल्या आणि काकांकडे टक लावून म्हणाल्या, “डाव्या डोळ्याने बघा बरं.”

काकांनी डावा डोळा लावला. झोत दुधासारखा सलग होता. उजवा लावला, डाग. डावा, सलग.

मॅडम हसल्या. “म्हणजे प्रोब चांगला, बिघाड नळीच्या अलीकडे! नऊ अहवाल, काका. नवांवर माझी सही आहे.”

“आत्ता पास करतो, मॅडम. पोरगा बाहेरच बसलाय.”

“बसू दे. हा पास झाला की मालक मागचे नऊ परत तपासा म्हणणार. मग तुम्ही राहणार नाही आणि मीही राहणार नाही. निवृत्तीला किती दिवस राहिलेत तुमचे?”

“आठ महिने.”

“मग सोमवारपासून बाटल्या धुवायला बसा. डोळा कोणाला तरी दाखवून घ्या. आणि चकार शब्द बोलू नका.” त्यांनी दहाव्या अहवालावर तिथेच सही ठोकली आणि कागद काकांच्या हातात कोंबला.

काका प्रोब घेऊन दारापर्यंत आले. सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. मग त्यांना दिसलं, की व्हरांड्यातून जाणारा शिपाई आजही त्यांना पाहून बाजूला झाला. बाटल्या धुवायला बसलो तरी कधी न चुकलेल्यासाठी लोक बाजूला होतील; आंधळ्यासाठी होतील ते कीव करून.

मेहुणा ताडकन उठला. “काय झालं?”

“डाग आहे.”

“नक्की, भाऊजी?”

“मधोमध,” काका म्हणाले, आणि प्रोब, कागद दोन्ही त्यांनी त्याच्या हातात दिले.

मेहुण्याने प्रोब उलटसुलट करून पाहिला. “दुसरा कोणी असता तर भांडलो असतो. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच.” त्याने स्वतःची बोटं पसरून न्याहाळली. गोंदाने त्यांची कातडी सोलवटली होती. “माझा हातच गेला वाटतं. आता नाही करत मी हे काम. ताईला एवढ्यात सांगू नका, उगाच रडत बसेल.”

काकांनी डावा डोळा मिटला. शर्ट दिसला, प्रोब दिसला, ती सोलवटलेली बोटंही दिसली. वर चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

“सावकाश जा,” ते तिकडे बघत म्हणाले.