पुढे सरकलेली सीट

विम्याचे दावे तपासण्यात त्याची सारी हयात गेली होती, त्यामुळे कुणी गोड बोललं की त्याला आधी संशयाचा वास यायचा. घरामागचं आवार भलं मोठं होतं. ढकलायच्या यंत्राने गवत कापता कापता कंबर धरली, तेव्हा बसून चालवायचं यंत्र घ्यायचं ठरलं. दुकानात तो गुडघ्यांवर बसून प्रत्येक यंत्राखाली डोकावला, पात्यांवरून बोट फिरवलं, झाडांभोवती ते किती जागेत वळतं ते करून दाखवायला लावलं. विक्रेत्याने सांगितलं की त्याच्या आवाराला मोठं नको, लहानच पुरेल. झालं. महागडं सोडून हा स्वस्तातलं का गळ्यात मारतोय? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. तो हात हलवत परत आला, दुसरी दोन दुकानं पालथी घातली आणि शेवटी तेच लहान लाल यंत्र घेऊन आला.

मात्र त्यावर बसला आणि सगळं विसरला. मागे कापलेल्या गवताचा ओला वास, पुढे सरळ पट्टा. कापून झालं तरी उगाच एक फेरी मारायचा. बायको खिडकीतून हसायची.

मग एके दिवशी बसताना त्याचे गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पुढे सरकलेली होती. त्याने ती मागे घेतली, तर काही दिवसांनी पुन्हा पुढे. पेट्रोलही कमी भासायला लागलं.

संशय सरळ शेजारच्या दंतवैद्यावर गेला. माणूस बुटका, आणि शिडीपासून पाइपपर्यंत सगळं मागून नेणारा. तपासनीसाने त्याच्याशी बोलणं टाकलं. एकदा तर कुंपणावरूनच त्याला सुनावलं, की न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणाऱ्याला काय म्हणतात ते आम्हाला माहीत आहे. दंतवैद्य काही न बोलता आत गेला. त्यामुळे संशय आणखी पक्का झाला.

किल्ली कोटाच्या खिशात ठेवूनही सीट पुढेच. म्हणजे घरभेदी कुणीतरी होतं. बायकोला विचारलं, तर ती भाजी चिरत राहिली, मान वर केली नाही. तेव्हा एका दुपारी कोट खुंटीवरच ठेवून तो बाहेर जातो म्हणून निघाला आणि मागच्या वाटेने येऊन पाण्याच्या टाकीआड उभा राहिला.

थोड्या वेळाने यंत्र सुरू झालं. त्यावर त्याची, त्याच्याच घरी राहणारी थोरली बहीण होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ताई पायरीखाली उतरली नव्हती, निदान त्याची तशी समजूत होती. काठी मांडीवर आडवी ठेवून, पाती बंद ठेवून ती झाडांमधून नीट वळत आवाराच्या टोकाला गेली. तिथे इंजिन बंद केलं आणि कुंपणापलीकडच्या मैदानात खेळणारी पोरं बघत बसली. बराच वेळ.

तो टाकीआडून बाहेर आला. तिने वळून पाहिलं, पण दचकली नाही.

“ताई, किल्ली मागायची होतीस.”

“मागितली असती तर आधी कशाला, ते विचारलं असतंस. मग दहा प्रश्न. मला नुसतं इथवर यायचं होतं रे.”

“शिकवलं कुणी?” त्याने विचारलं.

“दंतवैद्याने. माझं नाव सांगू नको म्हणून मीच त्याला शपथ घातली होती.”

त्याचे कान तापले. ताईला पायरीपाशी सोडून तो तसाच शेजारी गेला. दंतवैद्याने दार अर्धंच उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“आता काय हरवलं?”

“काही नाही. चुकलं माझं. ताईने सगळं सांगितलं.”

“तिने पाठवलं, की स्वतः आलात?”

“स्वतः आलो.”

दंतवैद्याने त्याच्या खांद्यावरून मागे कुणी उभं आहे का ते पाहिलं, मग दार पुरतं उघडलं.