बाराच्या ठोक्याला नूडल्स

फरशी बसवणाऱ्याचा जबडा मोडला तो स्वतःच्याच कामापायी. त्यानेच फरशी बसवून नुकत्याच पुसलेल्या, ओल्या पायऱ्यांवरून पाय सटकला आणि तो हनुवटीवर आदळला. डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधून टाकले. सहा आठवडे पेज, दूध, गाळलेलं सूप, सगळं नळीतून.

"कुणाकडे दात असतात तर चणे नसतात," सासूबाई म्हणायच्या, "आमच्या जावईबापूंकडे दोन्ही आहेत. फक्त दाराला कुलूप."

या सहा आठवड्यांत त्याला एकाच गोष्टीने पछाडलं होतं: दोन गल्ल्या सोडून असलेल्या चायनीजवाल्याच्या नूडल्स. तो वहीत लिहून दाखवायचा, 'लसूण जास्त, कोबी करकरीत.' बायको वही मिटून ठेवायची.

बुधवारी दुपारी तार निघाली. डॉक्टर म्हणाले, "उद्यापासून मऊ खा. घाई करू नका." बायकोला दुसऱ्या पाळीला लाँड्रीत जायचं होतं. दारात चप्पल घालता घालता तिने बोट रोखलं. "उद्या म्हणजे उद्या. आज काही तोंडात टाकलंस तर माझी शपथ आहे."

रात्री साडेअकराला तो उठून स्वयंपाकघरात आला. सासूबाई टेबलाशी शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या.

"आई, उद्या किती वाजता सुरू होतो?" त्याने विचारलं. ओठ जेमतेम हलत होते.

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पेन्सिल खाली ठेवली.

"बाराला," त्या म्हणाल्या. "आणि चायनीजवाला बंद कधी करतो?"

"बाराला."

"मग असे उभे काय राहिलात? पायात काहीतरी घाला!"

त्यांनी गाउनवर कोट चढवला आणि गुडघेदुखी घरी ठेवून आल्यासारख्या जिना उतरल्या. बायको बुधवारी एक वाजेपर्यंत येत नसे. त्या दिवशी चादरींचे गठ्ठे जास्त असतात, असं ती सांगायची. म्हणजे मैदान मोकळं होतं. फरशीवाला शाळा बुडवून निघाल्यासारखा भिंतीच्या कडेकडेने चालत होता.

हॉटेलात सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या. आचारी, जो मालकही होता, कढई घासत होता.

"बंद झालं," तो वळूनही न बघता म्हणाला.

"अजून वीस मिनिटं आहेत," सासूबाई म्हणाल्या. "आणि या माणसाने दीड महिना काही चावलेलं नाही."

आचारी वळला. त्याने फरशीवाल्याचे आत गेलेले गाल पाहिले, हनुवटीखालचा व्रण पाहिला.

"तारवाले तुम्हीच का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दर बुधवारी लाँड्रीतल्या एक बाई येतात ना. प्लेटभर नूडल्स खातात, एकट्याच. मी एकदा म्हटलं, पार्सल देतो, घरच्यांनाही होईल. तर म्हणाल्या, नको, नवऱ्याच्या जबड्याला तार आहे, वासानेच त्याचा जीव जाईल. खाऊन झालं की वाऱ्यावर चांगल्या फिरून मगच घरी जातात, कपड्यांचा वास जावा म्हणून."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले.

"गठ्ठे म्हणे!" त्या म्हणाल्या. "गठ्ठे!"

"आज अजून आल्या नाहीत," आचारी म्हणाला, आणि तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार उघडलं.

बायको उंबऱ्यातच थबकली. नवरा, आई, आचारी; तिने तिघांवरून नजर फिरवली.

"तू इथे काय करतोयस?"

"तू इथे काय करतेयस?"

मग फरशीवाल्याला हसू फुटलं. पहिल्याच हसण्याला कानाखाली अशी कळ आली की तो गाल धरून खाली वाकला, तरी हसायचा थांबेना.

"लागतंय का?" ती धावत आली. "मी सांगणार होते रे. तुझ्यासमोर खायची हिंमत होत नव्हती, आणि खाल्ल्याशिवाय राहवतही नव्हतं."

"वेडी," तो म्हणाला. "किती प्लेटी झाल्या?"

"सहा."

आचाऱ्याने गॅस पेटवला. ज्वाळा कढईच्या काठापर्यंत चढल्या. लसूण तेलात पडला, मग कोबी, मग नूडल्स. वासाने फरशीवाल्याच्या तोंडाला असं पाणी सुटलं की त्याला रुमाल काढावा लागला. तीन प्लेटी समोर आल्या तेव्हा बाराला पाच कमी होते.

"शपथ," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यांत हसू होतं, पण ती हटली नाही. तिनेही काट्याला हात लावला नाही.

"मला कुणी शपथ घातलेली नाही," म्हणत सासूबाईंनी सुरुवात केली. "हाय हाय, काय झालंय हो!"

"आई, गप्प खा ना!"

चार मिनिटं. तीन. आचारी काउंटरवर कोपर टेकून घड्याळाकडे बघत होता. शेवटचे दहा सेकंद चौघांनी मोठ्याने मोजले.

"बारा!"

त्याने तोंड उघडलं. एका बोटाएवढंच उघडलं. काटा आत जाईना. त्याने बोटांनी एकच नूडल उचललं, टोक ओठांत धरलं आणि सुर्रकन ओढलं. खारट, धुरकट, तिखट. दातांखाली ते दबलं, तुटलं. गाल थरथरला. त्याने पुन्हा चावलं. आपण काहीतरी चावतोय या आनंदाने त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

"कसं आहे?" बायकोने विचारलं.

तो दुसऱ्या नूडलचं टोक शोधत होता. त्याने नुसता हात वर केला, थांब म्हणून.

आचाऱ्याने जाऊन शटर अर्धं खाली ओढलं, आपल्यासाठी एक प्लेट वाढून घेतली आणि खुर्ची सुलटी करून त्यांच्याच टेबलाशी बसला. अर्धी प्लेट संपायला फरशीवाल्याला पाऊण तास लागला. कोबी मात्र बायकोने बाजूला काढून स्वतः खाल्ला. तो करकरीत होता आणि डॉक्टर 'मऊ' म्हणाले होते.