आरशाची दोन टोकं

काचेच्या दुकानातून आरसे पोहोचवायला बाबा आणि मोठे काका जात. यंदा काकांची कंबर धरली, आणि त्यांची जागा आईने मागितली. दुकानात बसून काचा पुसण्याचा तिला कंटाळा आला होता.

"नाचाच्या वर्गाचा आरसा धड पोहोचला तर तू," बाबा म्हणाले. "नाहीतर दुसरा माणूस बघतो."

मुलगीही सोबत गेली. घरात तिला चौकशीबाई म्हणत. तिचा एक प्रश्न संपायच्या आत दुसरा तयार असे. ती तिसऱ्या मजल्यावर वर्गाचं दार उघडं धरून उभी राहिली. तिथून जिना दिसत नव्हता, पण ऐकू सगळं येत होतं. बाबा पुढे होते, आई मागे.

"अहो, कठडा आला हं. सावकाश. ही पायरी जरा उंच आहे. हात अवघडला नाही ना? अहो, ऐकताय ना?"

"हं."

"हं म्हणजे काय? चला की थांबा?"

नुसती पावलं वर चढत राहिली. चौकशीबाईला नवल वाटलं. बाबा आणि काका तर दोघंही तोंडातून शब्द न काढता वर येत. त्यांना एकमेकांचं कळायचं तरी कसं?

दुसऱ्या मजल्याचं वळण संपलं आणि आईचा आवाज थांबला. पावलं मात्र चालूच. आई आणि गप्प? दाढ ठणकत होती तेव्हाच काय ती गप्प बसली होती.

"बाबा, थांबा! आई बोलत नाहीये!"

ती खाली धावली. बाबांनी आरसा पायरीवर टेकवून गुडघ्याने भिंतीशी दाबून धरला होता. आईचा हातमोजा अर्धा निसटला होता. एवढा वेळ तिने आरसा नुसत्या बोटांच्या टोकांवर पेलला होता.

"सांगायचं नाही का?" बाबा ओरडले.

"तोंड उघडलं असतं तर हात सुटला असता! मी गप्प झाले, ते कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की. म्हटलं, आता हिला जमायला लागलं."

"अगं बाई! म्हणजे गप्प म्हणजे सगळं ठीक?"

"मग? अडलं तरच बोलायचं. दादा आणि मी असंच नेतो."

"आणि मी सगळं ठीक असतं तोवर बोलते."

चौकशीबाई दोघांकडे बघत राहिली. "मग घरी तुमचं कसं चालतं?"

"घरी हातात काच नसते," बाबा म्हणाले.

आईने हातमोजा नीट चढवला. "उचला. पण आता तुम्ही बोलायचं."

"काय बोलू?"

"काहीही."

बाबांनी घसा खाकरला. "ही... पायरी." मग जरा वेळाने, "ही पण पायरीच."

"हसवू नका हो, पडेल!"

आरसा वर पोहोचला, अखंड. बाबांनी त्यावरचे बोटांचे डाग पुसले. "उद्या शाळेच्या खिडक्या आहेत. लवकर निघू."

"म्हणजे आईला काम मिळालं?" चौकशीबाईने विचारलं.

"तेच तर म्हणालो ना?"

"नाही म्हणालात!" दोघी एकदमच म्हणाल्या.

"मिळालं," बाबा म्हणाले. आई अजून त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून त्यांनी आणखी थोडे शब्द शोधले. "चांगलं धरलंस."