दाढबाईंचा खुलासा

"अहो दाढबाई, छापून आलात की तुम्ही!"

मालकांनी वर्तमानपत्र तिच्या टेबलावर पसरलं, नेमकं नुकत्याच ओतलेल्या प्लास्टरवर. तिने आधी साचा बाजूला घेतला, कडेला चिकटलेला कागद नखाने सोडवला आणि मगच मान वर केली. कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवणाऱ्या या प्रयोगशाळेत ती सत्तावीस वर्षं काम करत होती. दाढ तिच्याच हातची हवी, असं शहरातले निम्मे दंतवैद्य चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. म्हणून ती दाढबाई. हे नाव तिला आवडायचं. कमावलेलं होतं ते.

फोटो मोठा होता. मागे काचेचं कपाट, पुढे ती, आणि तळहातावर अंगठ्याएवढा खेळण्यातला साळिंदर. वर ठळक मथळा: 'रिकाम्या घरातली मखमली लेकरं'.

तिने उभ्याउभ्याच वाचलं.

'सव्विसाव्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं आणि तिच्या आयुष्यातला वसंत तिथेच थांबला. आज तिच्या घरात तीनशे लेकरं आहेत. ती त्यांच्याशी बोलते. रोज संध्याकाळी त्यांना पांघरूण घालते. "एकटं वाटतं," ती पुटपुटते आणि एका सशाच्या कानावरून हळूच बोट फिरवते...'

"मला माहीतच नव्हतं हो," शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "एवढं सोसलंत आणि आम्हाला पत्ता नाही."

"काय सोसलंय मी?"

"असू दे. नका बोलू त्याबद्दल."

"अगं, पण काय सोसलंय?"

पॉलिशवालीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दाढबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सत्तावीस वर्षांत या बाईने तिच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. हात ठेवण्याजोगं काही नव्हतंच. मालकांनी तर कहरच केला. "आज लवकर जा हवं तर," असं अगदी हळू आवाजात, दवाखान्यात बोलतात तसं म्हणाले.

"जातेच," ती म्हणाली आणि एप्रन काढून खुंटीला अडकवला.

वर्तमानपत्राची ती मुलगी दोन आठवड्यांपूर्वी घरी आली होती आणि तीन तास बसली होती. दाढबाईने तिच्यासाठी कपाटाची काच उघडली होती, जी ती कोणासाठीच उघडत नसे. आपण या नादाला कसे लागलो तेही सांगितलं होतं. चौदा वर्षांपूर्वी जुन्या सामानाच्या दुकानात, मोडक्या घड्याळांच्या ढिगाऱ्यात प्लॅस्टिकची एक चिचुंद्री सापडली. बोटाच्या पेराएवढी, अंगभर राखाडी लव, आणि ती लव आडवी चिकटवलेली नाही, उभी! एकेक तंतू जमिनीतून गवत उगवावं तसा. आयुष्यभर दातांवरच्या बारीक रेघा कोरणाऱ्या बाईला प्रश्न पडला, हे केलं कसं? उत्तर शोधायला तिला दोन वर्षं लागली. अंगाला गोंद लावायचा, वरून चाळणीतून तंतू सोडायचे आणि मध्ये वीज खेळवायची. सगळे तंतू एका क्षणात ताठ होऊन गोंदात रुततात. हे सांगताना आपला आवाज चढला होता, हे तिलाही आठवत होतं.

पाणमांजरांचंही तिने सांगितलं होतं. कारखान्यातला त्यांचा साचा चौदा महिन्यांतच तडकला, म्हणून ती जगात मोजकीच. तिच्याकडे दोन आहेत. नकली पाणमांजर कसं ओळखायचं ते तिला कळतं. नकलीची लव शेपटीकडे झुकते, असलीची नाकाकडे. परदेशातले संग्राहक तिला फोटो पाठवून विचारतात आणि ती सांगेल तो शब्द अखेरचा मानतात.

मुलगी मान डोलवत होती. आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "पण तुम्हाला कधी एकटं वाटतं का?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दाढबाई कंटाळून म्हणाली होती, "कधीतरी एकटं वाटतं. सगळ्यांनाच वाटतं."

त्यातले दोन शब्द छापले होते.

वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. ती बसली नाही. मेणावर खुणा करायच्या निळ्या पेन्सिलीने तिने वाटेतच अकरा ठिकाणी रेघा मारल्या होत्या. तो कागद तिने त्यांच्यापुढे आपटला.

"हे पांघरूण कुठून आलं?"

संपादकांनी त्या मुलीला बोलावलं. मुलगी आली ती हसतच.

"तुम्हीच म्हणालात ना, संध्याकाळी कापड टाकते म्हणून."

"काचेवर! पश्चिमेचं ऊन येतं, लवेचा रंग उडतो, म्हणून काचेवर टाकते. उद्या मोटारीवर कोणी आच्छादन घातलं तर लिहाल, निजवलं म्हणून?"

"भावार्थ तोच आहे हो."

"आणि लग्नाचं कोणी सांगितलं? मी तर अवाक्षर काढलं नव्हतं."

"तुमच्या ताईंनी. जुना फोटो मागायला तुम्हीच त्यांचा नंबर दिला होतात." मुलगी आता जरा गोंधळली. "त्या फोनवर रडत होत्या. मला वाटलं, तुम्ही मनात ठेवताय सगळं."

"बाई, तुम्ही रागावू नका," संपादक म्हणाले. "लोकांना भिडलंय हे. सकाळपासून फोन थांबत नाहीत."

"लोकांना खोटं भिडलंय."

"खुलासा पाठवा ना. दीडशे शब्दांत. रविवारी छापतो, माझा शब्द."

ती तडक बहिणीकडे गेली. मोठी बहीण पडद्यांना इस्त्री करत होती. लेख समोरच्या टेबलावर होता, नीट कापलेला.

"ताई, तू त्या पोरीला काय सांगितलंस?"

"जे झालं तेच."

"काय झालं?"

"आता माझ्या तोंडून वदवून घेणार का? लग्न मोडलं तुझं."

"मोडलं नाही. मी मोडलं."

"शब्दाचा कीस नको काढूस."

"ताई, त्या शब्दातच तर सगळं आहे! तो म्हणाला, लग्नानंतर हे दुसऱ्यांच्या तोंडातलं काम बंद. मी म्हटलं, मग लग्नच बंद. चहा संपवला आणि घरी आले. त्या रात्री गाढ झोपले होते मी. तूच उठवलंस सकाळी."

बहिणीने इस्त्री उभी केली. "लोक मला विचारतात. तुझी बहीण पन्नाशी उलटल्यावर खेळणी जमवते म्हणे. काय सांगू त्यांना? आता निदान कोणी हसणार नाही. हळहळतील तरी."

"हसू दे ना मला! हसणाऱ्याला उत्तर देता येतं. हळहळणाऱ्याला काय देऊ?"

"तुझ्या भल्यासाठीच बोलले मी."

"माझं भलं मला विचारून करत जा."

ती निघाली तेव्हा बहीण मागून म्हणाली, "जेवून तरी जा." ते ऐकून तर तिला रडू फुटायची वेळ आली, रागाने. या घरात कधी भांडणसुद्धा धड पुरं होत नसे.

मग पार्सलं यायला लागली. वाचकांनी वर्तमानपत्राच्या पत्त्यावर पाठवलेली खेळणी कचेरीचा शिपाई गाठोडी करून प्रयोगशाळेत आणून टाकू लागला. ढोल्या पोटाची अस्वलं, गुलाबी फितीची मांजरं, दाबलं की किंचाळणारा हत्ती. एका चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुमच्या लेकरांना त्यांच्या मामाकडून.' ती चिठ्ठी तिने चार वेळा वाचली. हा कुठला मामा? मालक म्हणाले, "लोक चांगले असतात हो." तिने सगळी गाठोडी लहान मुलांच्या दंतवैद्याकडे धाडली आणि त्या आठवड्यात तिने केलेल्या दाढा इतक्या धारदार उतरल्या की दोन परत आल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

खुलासा तिने चार संध्याकाळी बसून लिहिला. खोडला, पुन्हा लिहिला. शब्द मोजून बरोबर दीडशे.

'ठरलेलं लग्न मी मोडलं. मला त्याचं दुःख झालं नाही. प्राण्यांना मी पांघरूण घालत नाही, काचेवर कापड टाकते. मी त्यांच्याशी बोलत नाही. ती माझी मुलं नाहीत. मुलं असती तरी मी हे जमवलंच असतं.' एवढं झाल्यावर उरलेल्या शब्दांत तिने लव कशी उभी राहते ते लिहिलं. तेच तिला सगळ्यांत महत्त्वाचं वाटत होतं.

रविवारी पत्र छापून आलं. सहा ओळी. मथळा होता: 'मखमली लेकरांच्या आईचं पत्र'. 'ती माझी मुलं नाहीत' हे वाक्य नव्हतं. लवेचा भाग पुरता गेला होता. लग्न मोडल्याचं मात्र ठेवलं होतं आणि खाली तिरक्या अक्षरांत टीप होती: 'या स्वाभिमानी वेदनेला आमचा सलाम. संपादक.'

तिने कागद टराटरा फाडला नाही. फेकलाही नाही. घडी घालून रद्दीत ठेवला, हात धुतले आणि घरच्या टेबलाशी कामाला बसली. एका संग्राहकाने दुरुस्तीला पाठवलेला पट्टेरी तोंडाचा बिजू होता. त्याच्या उजव्या कानाची लव झडून खालचं प्लॅस्टिक उघडं पडलं होतं. कानाला टाचणी टोचून तिने गोंदाचा पातळ हात दिला, तेवढ्यात दार वाजलं.

बहीण होती. हातात तेच पान.

"हे काय छापलंस? 'मी मोडलं, मी मोडलं.' मी खोटारडी ठरले चारचौघांत!"

"ठरलीस तर ठरलीस. खोटं बोलली होतीस."

"खोटं? अगं, ते स्थळ मी आणलं होतं!" बहिणीचा आवाज चिरकला. "माझ्यामुळे तुझं वाटोळं झालं, हे मनात घेऊन सव्वीस वर्षं काढली मी. तुझ्या घरी यायचं तर त्या कपाटाकडे बघवायचं नाही मला. दर वर्षी त्यात वीसेक प्राणी वाढलेले दिसायचे आणि मला वाटायचं, बघ, हे तू केलंस."

दाढबाईला आत्ता कळलं. म्हणून ही बाई इथे आली की नेहमी कपाटाकडे पाठ करून बसायची.

"मग ते रडणं तुझं आहे, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला नव्हता. "तुझं तू रड. माझ्या नावावर नको खपवूस. वर्तमानपत्रात तर मुळीच नको."

"एवढी कशी गं कठोर तू?"

"गोंद लावलाय मी. वाळला तर कान पुन्हा खरवडायला लागेल. उरलेलं भांडण नंतर."

"मी काय करू मग? जाऊ?"

"बस. हा दिवा इकडे वळव. आणि तोंडावर रुमाल धर, श्वासानेसुद्धा तंतू उडतात."

बहिणीने दिवा वळवला. दाढबाईने तारेचा चिमटा टाचणीला लावला, मुठीएवढी चाळणी कानावर धरली आणि बटण दाबलं. बारीक गुणगुण झाली. राखाडी धूळ खाली झरली, आणि कानापाशी पोचताच ती धूळ राहिली नाही. उघडं प्लॅस्टिक दिसेनासं झालं.

"अगं बाई," बहीण रुमालातून म्हणाली. "उभी राहिली की!"

"हो."

"सगळी एकदम?"

"एकदम."

बहीण खुर्ची ओढून आणखी जवळ बसली. बराच वेळ ती कानाकडेच बघत होती. "हे त्या मुलीला सांगितलं होतंस?"

"तीन तास."

"मला कधी नाही सांगितलंस."

"तू कधी विचारलंस?"

कान वाळेपर्यंत दोघी बसल्या, मग बहीण पर्स उचलून निघाली. माफी तिने मागितली नाही. तिने ती मागावी असं दाढबाईलाही वाटलं नाही. राग अजून जागच्या जागी होता.

थोड्या वेळाने दाढबाई खिडकीशी आली. खाली फाटकाजवळ पहिल्या मजल्यावरच्या बाईने बहिणीला गाठलं होतं. तिच्या काखेत वर्तमानपत्र होतं आणि चेहऱ्यावर ती नेहमीची हळहळ. काचेतून ऐकू काही येत नव्हतं. बहीण नकारार्थी मान हलवत होती. मग तिने पर्स काखेत मारली, डावा हात आडवा धरला आणि उजव्या हाताची बोटं त्याच्यावर पावसासारखी खाली आणली. मग तीच बोटं मनगटावर ताठ उभी केली. शेजारीण गोंधळून बघत होती. बहिणीने पुन्हा दाखवलं. या वेळी वर, चाळणी असते तिथे, चिमटा लावल्याची खूण केली.

साफ चुकीचं सांगत होती.

दाढबाईने खिडकीची कडी काढली, अर्धी बाहेर वाकली आणि ओरडली, "खाली, ताई! चिमटा खाली लावतात!"