बबिता विमानातून उतरली

धरमसिंगने जन्मभर एसटी चालवली, पण विमानात कधी पाय ठेवला नव्हता. आता त्याची लेक बबिता पायलट झाली होती आणि नागपूरहून पुण्याला तीच आईबापाला नेणार होती. दिग्रसजवळच्या तांड्यातून निघताना तो भेटेल त्याला सांगत सुटला होता, "आज पोरगी चालवन अन् मी मागं बसन!"

पण दिल्लीत सकाळी धुकं पडलं आणि तिथून येणारं दुपारचं विमान संध्याकाळी आलं. त्याची बायको सुखीबाई विमानतळाच्या खुर्चीतच पेंगली होती. तेवढ्यात गणवेशातली बबिता समोर येऊन उभी राहिली.

"बा, मी नाही येऊन राह्यली. दुसरे पायलट नेतीन तुमाले."

"काहून?"

"पहाटेपासून ड्युटीवर आहे. माझी वेळ भरली. आता झोप घेतल्याबिगर चालवता येत नाही, नियमच आहे."

"अवं, तासाभराचं तर काम! कोण पाह्यते?"

"कोणी नसतं पाह्यलं तरी मी नसती बसली. मघाशी उतरताना टॉवरवरून सांगितलेलं मले दुसऱ्यांदा विचारा लागलं, बा."

धरमसिंगचं तोंड उतरलं. तांड्यात काय सांगायचं? तो चिडून बोलणार, तोच मागून एक प्रवासी ओरडला, "ओ मॅडम, आम्हाला दिवसभर बसवलं आणि तुम्ही चालल्या झोपायला?"

आणखी दोघे-तिघे उठले. बबिता त्यांच्याकडे वळली. तिचे डोळे लालभडक झाले होते. रातराणी गाडी आणून डेपोत उतरलेल्या ड्रायव्हरांचे असे डोळे धरमसिंगने कितीदा पाहिले होते.

तो उठला. "भाऊ, हे माही पोरगी आहे. हिच्या विमानात बसाची सगळ्यात जास्त हौस मलेच होती. थकली म्हणते तर थकली. तुमचे लेकरं आत असते, तर चालव म्हटलं असतं का तिले?"

माणूस पुटपुटत खाली बसला.

"जेवली का?" सुखीबाईने विचारलं. बबिताने नकारार्थी मान हलवली. आईने पिशवीतून भाकर-ठेच्याचं फडकं काढून तिच्या हातात कोंबलं. "जा माय, खा अन् झोप."

थोड्या वेळाने नवा पायलट आला, केस पिकलेला. धरमसिंगने त्याला थांबवलंच.

"साहेब, झोप झाली ना?"

"दुपारभर झोपलो, बाबा," तो हसला.

"मंग चला."

विमान वर उठलं तसा धरमसिंग खिडकीला चिकटला. खाली नागपूरचे दिवे दिसत होते. "पोरगी झोपली असन आता," तो म्हणाला. सुखीबाईने त्याचा हात गच्च धरला होता. डोळे न उघडताच ती म्हणाली, "झोपू द्या तिले."