झाकणातला स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, एका बाजूने चेपलेला आणि स्वभावाने तापट. आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू बहुधा गळा काढतात, आम्हाला जपा म्हणतात. मी तसले काही म्हणणार नाही. मला जपले म्हणूनच एक बाई वर्षभर जीव मुठीत धरून स्वयंपाक करत होती. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ नये असेच मला वाटते.

माझा जन्म कारखान्यातला. एका चकतीला यंत्राने दाबून माझे पोट तयार केले, मग झाकण, मग कान. शेवटी एका कामगार बाईने माझ्या झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू. शिट्टीची वाट तुंबली आणि आत भलतेच तापले की हा व्हॉल्व्ह वितळतो. वाफेला वाट मिळते आणि कुकर फुटत नाही. स्वतः जायचे आणि समोर उभे असलेल्या माणसाला वाचवायचे, एवढेच त्याचे काम. माझ्या अंगात अभिमानाने सांगावे असे तेवढेच होते.

मी गेलो ते घर तिसऱ्या मजल्यावर होते. स्वयंपाकघर, त्याला लागून बाहेरची खोली आणि त्यापुढे काचेच्या दाराची गॅलरी. घरातले कर्ते गृहस्थ एका गिरणीत स्टोअरकीपर होते. बल्ब मागायला आलेल्याला जुना बल्ब दाखवल्याशिवाय नवा द्यायचा नाही, अशी त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण स्टोअर सुटले नाही. उठताबसता ‘जरा जपून’ म्हणायची सवय, म्हणून सगळी इमारत त्यांना जपूनराव म्हणायची.

जिन्याखाली एक फळा होता. त्यावर जपूनराव दर रविवारी खडूने बचतीची एक युक्ती लिहायचे. साबणाच्या चिपा ओल्या करून एकमेकींना चिकटवा. टूथपेस्टची नळी संपली असे वाटले की मधोमध कापा. कडधान्य आदल्या दिवशी भिजवा. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा. खरे सांगतो, यातल्या निम्म्या गोष्टी शहाणपणाच्या होत्या. मी काटकसरीचा शत्रू नाही. अहो, मी जन्मलोच मुळी गॅस वाचवायला!

पण माणसाला एकदा शाबासकीची चटक लागली की तो थांबत नाही. जपूनराव येणाऱ्या प्रत्येकाला मला दाखवायचे. वीस वर्षे एकच कुकर, आणि रबरी रिंगसुद्धा पहिलीच, असे छाती फुगवून सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे. मी मात्र मूग गिळून गप्प बसायचो, कारण रिंग पहिली नव्हती. त्यांची बायको दरवर्षी नवऱ्याला न सांगता नवी रिंग आणायची आणि जुनी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. अशा सोळा-सतरा रिंगा तरी झाल्या असतील. ती वारली तेव्हा हे गुपित तिच्याबरोबरच गेले. आपली रिंग अमर आहे, अशी तिच्या नवऱ्याची पक्की समजूत मात्र मागे राहिली.

मग माझा कारभार सुनेकडे आला. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. पँटच्या कडा, शर्टांच्या कॉलरी, फाटलेले खिसे. मुलगा मालाच्या गाडीवर, महिन्यातून दोनदा घरी. घरात राहिले सासरे, सून आणि सहा वर्षांची नात, चिमी.

वर्षभरात रिंग सैल झाली आणि कडेने वाफ फुसफुसू लागली. सुनेने नवी रिंग आणली. जपूनरावांनी ती पाकिटासकट दुकानात परत करून पैसे आणले आणि जुन्या रिंगेला दोरा गुंडाळून दिला. त्या रविवारी फळ्यावर हीच युक्ती होती.

नंतर एकदा कडधान्याची सालपटे शिट्टीच्या नळीत अडकली. मला आतून गुदमरल्यासारखे झाले. तेव्हा तो व्हॉल्व्ह वितळला आणि सगळी वाफ छतावर गेली. सून समोरच होती. तिच्या केसालाही धक्का लागला नाही. वीस वर्षे गप्प बसून होता आणि ज्या दिवशी हवा त्या दिवशी कामाला आला. जपूनरावांनी त्याचा वितळलेला तुकडा चिमट्यात धरून पाहिला आणि म्हणाले, “हलका माल. नवा बसवला तर तोही जाईल.”

आणि गिरणीतून आणलेल्या डब्यातला एक लोखंडी स्क्रू काढून त्यांनी त्या भोकात पिळून बसवला. वर नट, खाली वॉशर. जो काम करून गेला त्याला नालायक ठरवले, आणि जो कधीच वितळणार नाही त्याला त्याच्या जागी आणून बसवले. मित्रांनो, त्या दिवशी मी भांडे राहिलो नाही. मी झाकण लावलेला धोका झालो, आणि हे मला कळत होते.

सुनेलाही कळत होते. ती म्हणाली, “बाबा, उसवलेलं मी शिवून देते, पण विरलेल्या कापडाला टाका घालत नाही. तो धरतच नाही.” जपूनरावांनी ऐकून घेतले आणि पेपर उघडला. घर त्यांचे होते, आणि बिनभाड्याने राहताय हे ते न बोलता दाखवून द्यायचे. ती पुन्हा बोलली नाही. मी गॅसवर असलो की ती तोंड फिरवून हात लांब करून उभी राहायची. गॅसची कळ लाकडी कालथ्याने ढकलायची.

मला त्या म्हाताऱ्याचा भयंकर राग यायचा. फुटायचेच तर त्याच्यासमोर फुटावे, असे वाटायचे. पण तो स्वयंपाकघरात येतच नसे. मी गॅसवर चढलो की बाहेरच्या खोलीतून त्याची हाक ऐकू यायची, “चिमे, चल गॅलरीत, गाड्यांचे रंग ओळखू.” मग काचेचे दार सरकल्याचा आवाज. सुनेला बरे वाटायचे. पोरगी पायात येत नाही आणि आजोबांचा नातीवर जीव आहे, असे ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. खोटे कशाला बोलू, मलाही तसेच वाटायचे.

एके दिवशी दोरा सुटला. रिंगेतून वाफेचा झोत आला आणि सुनेचे उजवे मनगट भाजले. डॉक्टरांनी पट्टी बांधली. आठ दिवस शिवण बंद, म्हणजे आठ दिवसांची मजुरी बंद. जपूनराव दुसरा दोरा शोधत होते. दुसऱ्या दिवशी ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली आणि म्हणाली, आज बटाटे तुम्हीच लावा.

त्यांनी लावले. झाकण बसवले, गॅस पेटवला आणि दोन पावले मागे सरले. आता सापडलास, असे मी मनात म्हटले. पण ते थांबलेच नाहीत. ते झपाझप बाहेरच्या खोलीत गेले. चिमी आईच्या पायाशी चित्र रंगवत बसली होती. तिचा हात धरून त्यांनी तिला उठवले, गाड्यांचे रंग म्हणाले आणि गॅलरीत जाऊन दार लावून घेतले. सून खुर्चीवरच होती. स्वयंपाकघराचे दार उघडे असल्यामुळे मला ती दिसत होती.

ती बराच वेळ त्या काचेकडे पाहत राहिली. रोज हीच हाक ऐकली होती, रोज त्याच वेळेला. पहिली शिट्टी झाली तेव्हा ती उठली, आत आली आणि डाव्या हाताने गॅस बंद केला. मग गॅलरीचे दार उघडून उंबऱ्यातच उभी राहिली.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “चिमीला रोज बाहेर काढत होता. मला कधी हाक मारली नाहीत.”

“मी आपला हवा खायला...”

“दार लावून?”

आयुष्यात पहिल्यांदा जपूनरावांच्या स्टॉकमध्ये काही नव्हते. मी निवेपर्यंत सून ओट्यापाशी थांबली. मग तिने बटाटे पातेल्यात ओतले, मला पिशवीत घातले आणि चप्पल घातली. तेव्हा ते मागून हळूच म्हणाले, “शिट्टी तरी काढून ठेव. चांगली आहे अजून.”

तिने वळूनही पाहिले नाही. खाली उतरल्यावर फळ्यापाशी तिने मला जमिनीवर ठेवले. त्या आठवड्याची युक्ती पट्टीच्या हातानेच पुसली. डाव्या हाताने लिहीत होती, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले, पण लागत होते: ‘आमचा कुकर गॅसवर असला की बाबा नातीला घेऊन गॅलरीत जातात. दार लावून घेतात. सून आत असते.’

पाणी सोडायला आलेला माणूस जिन्यात थांबला आणि त्याने ते दोनदा वाचले. पहिल्या मजल्यावरच्या बाई वाचून तशाच वर गेल्या. थोड्या वेळाने त्या खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांचा कुकर होता. त्याच्या रिंगेला दोरा होता.

आता मी भंगाराच्या दुकानात, तराजूशेजारी पडून आहे. स्क्रू अजून झाकणात आहे. उद्या मला वितळवतील. मला त्याचे दुःख नाही. उशीर झाला याचे आहे. तुमच्या घरातही असे काहीतरी असेल, दोरा गुंडाळलेले, चिकटपट्टी लावलेले, ‘अजून चालतंय की’ म्हणून ठेवलेले. ते पाहून कौतुक करू नका. साबणाच्या चिपा खुशाल चिकटवा. पण ती वस्तू चालू असताना घरातले कोण तिच्यासमोर उभे असते आणि कोण गॅलरीत जाते, तेवढे एकदा बघा. आणि गॅलरीत जाणारे तुम्ही असाल, तर माझ्याशी मैत्री सांगू नका.