रिकामा मिक्सर

संशय ही संसाराला लागलेली कीड आहे, असं मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आलो. परवा सकाळी मात्र बायकोच्या पर्समध्ये नाक खुपसून सिगारेटचा वास येतो का, ते मी बघत होतो. आला तो लवंगेचा. संशय आणखीच बळावला.

कारण होता खोकला. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग छातीवर रेडिएशन झालं, सगळं पार पडून अडीच-तीन महिने लोटले, आणि ही बया चोरून खोकायला लागली. कोरडं, ठसका लागल्यासारखं. जिन्यात मध्येच थांबून भिंत न्याहाळायची. विचारलं तर म्हणायची, रंग उडालाय. त्या भिंतीला फरशा आहेत.

त्यात मिक्सर. दिवसातून कितीदा तरी स्वयंपाकघरात घरघर व्हायची आणि ताटात वाटलेलं काहीच यायचं नाही. शेवटी दबकत जाऊन पाहिलं. एका हाताने रिकाम्या मिक्सरचं झाकण दाबून, दुसऱ्याने तोंडाला टॉवेल लावून ती खोकत होती.

"कधीपासून?"

"आणि तुम्ही असे मांजरासारखे कधीपासून चालायला लागलात?"

मग कळलं, तिलाही माझा संशय होता. आजार फुप्फुसात उतरलाय हे तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरीणबाईंनी मला गुपचूप सांगितलंय आणि मी तोंड शिवून बसलोय, असा. कारण मी हल्ली आपणहून भांडी घासत होतो. इतक्या वर्षांच्या संसारात याहून वाईट लक्षण तिने पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी दोघं दवाखान्यात गेलो. स्कॅनमध्ये फुप्फुसावर पांढुरका ढग दिसला. डॉक्टरीणबाईंनी ढगाच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ, आखल्यासारखी. किरणं दिली होती तेवढ्याच भागात. रेडिएशनने फुप्फुसाला सूज आलीय, म्हणाल्या, काहींना येते. गोळ्यांनी बहुधा उतरेल, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि खोकला लपवायचा तर मुळीच नाही.

"म्हणजे परत ते नाही ना?" बायकोने विचारलं, पण बघत होती माझ्याकडे. "यांना आधी काही सांगितलं होतंत?"

"यांना? उपचार संपल्यापासून हे मला आजच भेटतायत."

"आणि परत ते आलंय, असं दिसत तरी नाही. पुन्हा बघू महिन्याने," असंही त्या म्हणाल्या.

परतताना मी तिचा हात हातात घेतला. आता काहीतरी मोठं बोलणार, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

"अहो," ती म्हणाली, "तेवढा मिक्सर दुरुस्तीला टाका. कालपासून जळका वास येतोय."